चव बघणं खाण्यात धरत नाहीत

आठ महिने मी कुणाला काही सांगितलं नाही. आता मात्र चारचौघांनी वाचावं म्हणून लिहून देते आहे, म्हणजे लाज सोडायला मला किती वेळ लागला ते बघा. बीडच्या ज्या डॉक्टर मॅडमनी माझं दुखणं शोधलं त्याच म्हणाल्या, "अक्का, हे लिहून काढा. माझ्या दाराबाहेर रोज चार जणी तुमच्यासारखं पोट धरून बसलेल्या असतात, आणि आत आल्या की 'काही नाही, जरा गॅस होतो' एवढंच सांगतात." त्या चौघींसाठी हे लिहिते आहे. दहावीपर्यंतचं शिक्षण आहे, त्यातही मधे तीस वर्षं गेली. तेवढं सांभाळून घ्या.

घरातली माझी जागा

नांदूरघाटच्या पुढं आमची वस्ती आहे. म्हशी या घरात पूर्वीपासून, आणि खव्याची भट्टी सासूबाईंनी सुरू केली. सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूध येतं, कढईत आटतं, आणि दुपारी खवा केजच्या, परळीच्या दुकानांत जातो. एका वेळी कढईत ओतलेल्या दुधाचा खवा होतो, त्याला आम्ही एक घाणा म्हणतो. साध्या दिवशी पाच-सहा घाणे निघतात, सणाच्या तोंडावर दहा-बारा.

माझ्या मुलानं, दत्तानं, मोटरची कढई आणली आहे. ती आपली आपण ढवळते. पण खवा उतरवायचा कधी हे मोटरला कळत नाही. ते माझ्या जिभेला कळायचं. खवा कढईची कड सोडायला लागला की उलथण्यानं सुपारीएवढा गोळा काढायचा, हातावर फुंकायचा आणि जिभेवर ठेवायचा. कच्चा असला तर टाळूला चिकटतो. जास्त झाला तर कडेला करपटपणा लागतो. नेमका झालेला असला की तो जिभेवर बसतो आणि मग सावकाश पसरतो. एवढं झालं की मी मान हलवायची आणि दत्ता जाळ ओढायचा. मी मान हलवल्याशिवाय आमच्या भट्टीवरून एकही घाणा उतरला नाही, हे मी गर्वानं सांगते. गर्व होताच.

हे काम सासूबाईंचं होतं. त्यांची दाढ काढली आणि तोंडाची चव गेली, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर उलथणं माझ्या हातात दिलं. तोवर लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण मी या घरची झाले ती त्या सकाळी. त्यांनी तेव्हा एक नियमही सांगितला. हरतालिकेचा निर्जळी उपास असला तरी चव बघितल्यानं तो मोडत नाही. "खाणं पोटासाठी असतंय, चव कामासाठी," असं त्या म्हणाल्या. गणपतीच्या आदल्या दिवशी, पाण्याचा घोटही न घेता, मी बारा-बारा घाणे चाखलेले आहेत आणि रात्री उपास पुरा केल्याच्या समाधानानं झोपलेली आहे.

पोट

सुरुवात एका साध्या जुलाबानं झाली. चार दिवस सलाईन लागलं, बरं वाटलं, घरी आले. पण पोट पहिल्यासारखं झालंच नाही.

सकाळी ठीक असायचं. दहा-अकरा वाजले की पोट फुगायला लागायचं. साडीची गाठ सैल करावी लागायची. मग आत गुडगुड सुरू व्हायची, ती इतकी मोठी की शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू यावी. वारा सुटायचा. त्यानंतर कळ, आणि कळ आली की धावायचं. संडासात जाऊन आलं की तासभर आराम, मग पुन्हा तेच. कधी दोन दिवस काहीच व्हायचं नाही, तेव्हा वाटायचं, गेलं. सणाचे दिवस आले की दुप्पट होऊन परत यायचं. मी म्हणायचे, दगदग होते म्हणून असेल.

परळीला बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. मी ओटी भरायला बसले आणि पोटानं आवाज दिला. समोरच्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी नारळ तसाच मुलीच्या पदरात टाकून उठले. मागच्या बाजूला एकच संडास, त्याला आतून कडी. मी दार वाजवत उभी होते आणि आतून कुणीतरी म्हातारा "आलो, आलो" म्हणत होता आणि येत नव्हता. पुढचं लिहीत नाही. घरी येताना जीपमध्ये मी पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि रडत होते. मालक, म्हणजे माझे यजमान, मागून विचारत होते, "कावून रडायलीस? पोरगी सासरी जाणार म्हणून का?" मी हो म्हणाले.

खरी भीती वेगळी होती. माझी थोरली बहीण पोटाच्याच दुखण्यानं गेली. तिचंही "जरा गॅस होतो" यानंच सुरू झालं होतं. मी जेवण कमी केलं, कारण जेवलं की भीती वाटायची. वजन उतरलं. वजन उतरलं तशी भीती वाढली. असं ते एकातून एक चाललं होतं.

ॲलर्जी

शेवटी सुनेनं ओळखलं. वर्षा तिचं नाव. बिंदुसरेच्या धरणाजवळचं पाली हे तिचं माहेर. ती मला आत्या म्हणते. एक दिवस न्हाणीच्या दाराशी वाट अडवून म्हणाली, "आत्या, सकाळपासनं चारदा. मी मोजलंय. दवाखान्यात चला न्हाईतर मी सगळ्यांना सांगते."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "दुधाची ॲलर्जी असेल. दूध बंद करून बघा." दोष मी त्यांना देत नाही. आमच्याकडं कशालाही ॲलर्जीच म्हणतात. उन्हानं डोकं दुखलं तरी ॲलर्जी, साबणानं हात सोलले तरी ॲलर्जी. शब्द ऐकून मला तर बरं वाटलं, की चला, बहिणीचं दुखणं नाही.

वर्षाचा मात्र चेहरा पांढरा पडला. तिच्या भावाच्या मुलीला खरोखरची दुधाची ॲलर्जी आहे. पोरगी एक वर्षाची असताना कुणीतरी कौतुकानं चमचाभर खीर भरवली. बघता बघता ओठ सुजले, अंगभर खाजऱ्या लाल गांधी उठल्या, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. पालीवरून बीडला नेईपर्यंत घरातल्यांनी देव पाण्यात घातले होते. ते वर्षानं डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळं तिनं घरी आल्या आल्या माझं सगळं वेगळं केलं. चहाचं भांडं वेगळं, पातेली वेगळी, भाकरीवरचं तूप बंद, ताक बंद, दही बंद. माझ्या ताटात चुकून कढीचा थेंब पडला तर ती ताट बदलायची.

म्हशींच्या घरात मी कोरा चहा प्यायला लागले. ज्यांनी जन्मभर सायीचा चहा प्यायला आहे त्यांना कळेल मी काय म्हणते. त्याच महिन्यात आमची चंद्री व्याली. पहिल्या चिकाचा खरवस झाला. गूळ-वेलदोड्याचा वास ओसरीपर्यंत आला आणि मालक माझ्यासमोर वाटी घेऊन बसायला लाजून गोठ्यात जाऊन खाऊन आले. मिशीला लागलं होतं. मी पुसून दिलं. त्या मिशीचा मला राग आला, आणि त्या मिशीचं मला इतकं अप्रूप वाटलं की काय सांगू.

एवढं करूनही पोट तसंच. थोडं कमी झालं असेल, पण थांबलं नाही. तेव्हा माझी खात्री पटली, की ॲलर्जी वगैरे काही नाही. बहिणीचंच आहे.

दुर्बीण आणि वही

बीडच्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, दत्ताच्या वयाच्या. पहिल्या भेटीतच म्हणाल्या, "वजन उतरलंय, घरात तसा आजार झालेला आहे, तर आधी तीच शंका मिटवू." दोन दिवसांनी दुर्बिणीची तपासणी ठरली.

दवाखान्यात सगळ्यांचं सारखंच असतं, पण ज्यांची वेळ यायची आहे त्यांच्यासाठी सांगते. उपाशीपोटी जायचं. बांगड्या, जोडवी काढून ठेवायला सांगतात. मंगळसूत्र काढून मालकांच्या हातात दिलं. माझ्या आधीच्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कायबी कळत न्हाई, झोपच लागती." एवढ्या एका वाक्याचा मला जो आधार झाला तो अजून आठवतो. नाव विचारायचं राहून गेलं.

वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी दुर्बीण झाली. काही वाईट निघालं नाही. एक छोटा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा निकाल यायला आठवडा लागला, तोही चांगला आला. मालकांनी रिपोर्ट वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून टोपीनं डोळे पुसले. इतक्या वर्षांत ते मला एवढे कधी आवडले नव्हते.

पण मग दुखणं काय? मॅडमनी एक वही करायला सांगितली. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, आणि नंतर पोटाचं काय झालं. तीन आठवडे. मी शाळेतल्यासारख्या रेघा आखल्या. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, कोरा चहा. एक शब्द खोटा लिहिला नाही. तीन आठवड्यांनी मॅडमनी वही वाचली आणि बुचकळ्यात पडल्या. दूध नाही, दही नाही, बाहेरचं काही नाही, आणि पोट मात्र आठवड्यातले पाच दिवस बिघडलेलं.

त्यांनी वही मिटली. "अक्का, काय खाता ते राहू द्या. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा."

मला बरं वाटलं. कामाचं कुणी विचारलं की मी सुटते. "उठते, झाडलोट करते. सहाला दूध येतंय. मोजून घेते. सातला पहिली कढई चढती. मग कढईपाशीच बसते. कड सुटली की गोळा काढते, चाखते, झाला असला की उतरवतो. मग दुसरा घाणा."

मॅडमचं पेन थांबलं. "चाखता म्हणजे?"

"म्हंजे चव बघते."

"गिळता?"

"मग काय थुकते की काय? खवा हाय तो." मला तर रागच आला.

"किती?"

मी बोटांनी सुपारीएवढं दाखवलं.

"दिवसातून किती वेळा?"

"जेवढे घाणे तेवढ्या येळा. पाच-सा, सणाला दहा-बारा."

"हे वहीत का नाही लिहिलं?"

"आवं, तुमी खाल्लेलं लिहा म्हणलात."

शेजारी बसलेल्या वर्षानं कपाळावर हात मारून घेतला. कढीच्या थेंबासाठी माझं ताट बदलणारी ही पोरगी रोज माझ्या शेजारी उभी राहून मला खवा चाखताना बघत होती. तिलाही दिसलं नव्हतं. दत्ताला नाही, मालकांना नाही. आमच्या घरात चव बघणं खाण्यात धरतच नाहीत.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. एका कागदावर त्यांनी सुपारीएवढे बारा गोल काढले आणि त्यांच्याभोवती मोठा गोल ओढला. "हा एवढा खवा होतो. त्याचं मूळ दूध किती ते तुम्हीच सांगा."

मी मनात हिशेब केला. सणाच्या दिवशी अर्ध्या लिटराच्या आसपास जात होतं.

दोन्हींतला फरक, मला कळला तसा

मॅडमचं म्हणणं असं. वर्षाच्या भाचीला होतं ती ॲलर्जी. तिथं शरीराची राखण करणारी ताकदच दुधाला शत्रू समजते आणि तुटून पडते. मग थेंब असो की वाटी, ओठ सुजणं, गांधी उठणं, धाप लागणं, उलट्या, बहुतेक वेळा हे थोड्याच वेळात होतं आणि जिवावर बेतू शकतं. तिथं दही, ताक, तूप काहीच चालत नाही.

माझं तसं नाही. दुधात एक साखर असते, लॅक्टोज नावाची. ती पचवायचा रस आतड्यात असतो. वयानं तो कमी होतो, एखाद्या जुलाबानंही कमी होऊ शकतो. मग न पचलेली साखर आतड्यात आंबते, पोट फुगतं, कळ येते, धावावं लागतं. याला न सोसणं म्हणतात. यात त्रास लई होतो, पण जीव जात नाही. आणि यात किती खाल्लं याला महत्त्व असतं.

"तुम्हाला खरी ॲलर्जी असती तर पहिल्याच घाण्याला तोंड सुजलं असतं," त्या म्हणाल्या. "एका घाण्याच्या दिवशी तुम्हाला काही होत नसणार, बघा आठवून."

आठवायची गरजच नव्हती. अमावस्येला भट्टी बंद असते, आणि वहीत अमावस्येचा दिवस कोरा होता. दूध कमी आलं ते दिवसही कोरे होते. सणाच्या दिवसांत दुप्पट त्रास का व्हायचा तेही कळलं. ॲलर्जीची रक्ततपासणीही केली होती, ती स्वच्छ आली. पण मॅडम म्हणाल्या, नुसत्या रक्तावर ठरवायचं नसतं, माणसाची हकीकत आधी.

चौदा दिवस

खात्रीसाठी चौदा दिवस दूध पूर्ण बंद. घाणा चाखणंही बंद.

"मग खवा कोण बघणार?" मी विचारलं. दवाखान्यात मला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा. दुर्बिणीच्या वेळी आलं नव्हतं.

वर्षा बघायला लागली. मी शेजारी बसून सांगायचे, आता काढ, आता फुंक, टाळूला लाव. ती सांगेल तसं करायची. तोंडात ठेवून डोळे मिटायची, आणि मी तिच्या गळ्याकडं बघत राहायचे. आपण घास घेतलेला नसताना आपलाच गळा हलतो, हे मला त्या दिवसांत कळलं. पहिले दोन घाणे कच्चे उतरवले. मला बरं वाटलं, हे कबूल करते. सहाव्या दिवसापासून मात्र तिचा अंदाज बसला. त्या दिवशी चवथ्या घाण्याला मी म्हणाले झाला, ती म्हणाली, "न्हाई आत्या, आजून दोन मिन्टं." दोन मिनिटांनी उतरवला. रंग बघूनच मला कळलं, तिचं बरोबर होतं.

पोट तोवर शांत झालं होतं. किती महिन्यांनी मी दुपारी साडीची गाठ सैल न करता बसले होते. त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी मी तिच्यावर घसरले. "तुला माझी जागा पायजेच व्हती. ॲलर्जी ॲलर्जी करून मला उठवलंस."

वर्षानं उलथणं खाली ठेवलं. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आत्या, मला खवा आवडत न्हाई. गोडच आवडत न्हाई. लगीन होऊन आले तवापसनं ह्या वासानं मला मळमळतंय. तुमी ज्या गोळ्यासाठी जीव टाकायल्या, त्यो मी औषध घ्यावं तसा गिळते."

मला हे ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहत होती. तिला मी जवळ घेतलं, पण मनात काय आलं तेही लिहिते. मनात आलं, देवा, जीभ दिलीस ती हिला कावून?

पेला

पंधराव्या दिवशी मॅडमनी दवाखान्यात बोलावलं. मोठ्या शहरात नळीत फुंकर मारून करायची एक तपासणी असते. तिथवर जायची गरज नाही, त्या म्हणाल्या. दूध प्यायचं आणि त्यांच्या नजरेसमोर बसून राहायचं. "हे आपल्याला चालतं, कारण ॲलर्जी नाही हे आपण आधी बघितलंय. ज्यांना ओठ सुजणं, गांधी, धाप यातलं काहीही कधी झालंय, त्यांनी घरी असला प्रयोग चुकूनही करायचा नाही. हे लिहाल तेव्हा ठळक लिहा." लिहिलं.

नर्सबाईंनी स्टीलचा पेला आणून दिला. म्हशीचं दूध, कोमट, वर पातळ साय. मला माहीत होतं यानं दोन तासांत काय होणार. तरी पेला हातात घेतल्यावर माझं पोट, डोकं, सगळं गप्प झालं. मी एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. चंद्रीचं नव्हतं. कुणाच्या तरी हिरव्या मक्यावरच्या म्हशीचं होतं. एवढं सगळं होऊन जिभेला अजून कळत होतं. मी इतकी हळू प्यायले की नर्सबाई दोनदा डोकावून गेल्या. शेवटचा घोट संपला तेव्हा पेल्याला लागलेली साय बोटानं पुसून घेतली. लाज वाटली नाही.

दीड तासानं पोट फुगलं, मग गुडगुड, मग कळ. मी बाकावरून उठून धावले. या वेळी संडास रिकामा होता. परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ठरलं." मी घामानं भिजले होते आणि मला आणखी एक पेला प्यायची इच्छा होत होती.

आता

दही आणि ताक परत मिळालं. विरजणात ती साखर बरीचशी कमी होते. तूप परत मिळालं. ज्या दिवशी भाकरीवर तूप पडलं त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या आणि मालकांनी तिसरी वाढायला लावली. चहात दुधाचा एक चमचा सोसतो, दोन सोसत नाहीत. हे माझं माप. तुमचं वेगळं असेल, वहीतूनच कळेल. वहीत सगळं लिहा. देवाचा प्रसाद, नातवाच्या ताटातला उरलेला घास, मीठ बघायला हातावर घेतलेली आमटी, सगळं. तोंडात गेलं की लिहायचं.

काम आवरल्यावर संध्याकाळी सुपारीएवढा खवा मी खाते. एकच. मॅडमनी मुभा दिली आहे आणि पोट तक्रार करत नाही. पण ते खाणं झालं. खवा तेव्हा उतरून, थंड होऊन, विकून झालेला असतो. त्याला माझ्या जिभेला काही विचारायचं नसतं. सकाळी, कढईची कड सुटताना, तो गोळा गरम असताना, दत्ता जाळाला हात लावून माझ्या तोंडाकडं बघत असताना जे होतं, ते मला हवं आहे. ते औषधानं येणार नाही. गोळ्या मिळतात म्हणे दूध पचवायच्या, पण रोज घाण्याघाण्याला गोळ्या खाणं मॅडमनाही पटलं नाही आणि मलाही.

मी मात्र रोज कढईपाशी बसते. आणि एक सांगून टाकते. खवा उतरतो, बांधला जातो, टेम्पो निघतो, आणि मी वाट बघत असते की कुणीतरी परत येईल आणि म्हणेल, आज काहीतरी कमी पडलंय.

परळीचे मन्मथअप्पा आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांपासून त्यांचं मिठाईचं दुकान आहे, आणि खवा जिभेला लावल्याशिवाय ते घेत नाहीत. परवा ते स्वतः टेम्पो घेऊन आले. चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, मान डोलावली. "अक्का, तुमची जीभ म्हंजे जीभ हाय. आमच्या गल्लीत असला खवा कुणाकडं न्हाई."

वर्षानं मुद्दाम पाठ फिरवली आणि ती कढई घासायला लागली. ते कौतुक तिला माझ्याकडंच राहू द्यायचं होतं. टेम्पो चालू झाला, वळला, फाटकापाशी गेला.

"अप्पा, थांबा!" मी उठून गेले. "चव माझी न्हाई. हिची हाय. मी बघत न्हाई आता."

अप्पांनी टेम्पो बंद केला. "कवापसनं?"

"चार म्हैने झाले."

ते माझ्याकडं बघत राहिले, मग मागं ठेवलेल्या खव्याकडं. "चार म्हैने? मला तर कायबी कळलं न्हाई, अक्का."

"व्हय," मी म्हणाले. "मला वाटत व्हतं, तुमाला तरी कळंल."